नाथाजीचा डावा गाल

गुलाबी रंगाची मला शिसारी आहे. साडीला असू दे, बत्ताशाला असू दे, माझं काही म्हणणं नाही. पण माणसाच्या तोंडाला गुलाबी फासलेला बघितला की मी रस्ता बदलते. आमच्या सांगलीच्या गावभागात पुतळे रंगवणारे आहेत, त्यांतल्या निम्म्यांनी हा एकच डबा आणून ठेवलाय. देव असो, सरदार असो, शाळेला देणगी दिलेला एखादा शेठ असो, सगळ्यांची कातडी त्याच डब्यातून निघते. ना छिद्र, ना सुरकुती, ना दाढीची निळसर झाक. मी वडिलांच्या हाताखाली शिकले, ते गेल्यावर मागच्या पडवीत एकटी काम करते, लग्न केलेलं नाही, आणि माझ्याकडे तो डबा नाही.

भाऊसो आले तेच मुळी तंबाखूचा तोबरा भरून. जीप दारात लावली, आत येण्याआधी माझ्या जास्वंदीच्या बुंध्यात पचकन थुंकले आणि मग म्हणाले, "पद्माताई तुमीच न्हवं?" उंब्रजपासून आत, तारळी नदीच्या काठाला त्यांची वाडी. ऊस भरपूर, बोलणं त्याहून भरपूर. बहात्तरचा दुष्काळ हटून दोन पावसाळे झाले होते आणि दसरा झाला की साखर कारखान्याच्या निवडणुकीला ते उभे राहणार होते. ही निवडणुकीची गोष्ट त्यांनी बसायच्या आधीच सांगितली.

"आमचा मूळपुरुष नाथाजी," ते म्हणाले. "सातारच्या किल्ल्याला मोगलाचा वेढा पडला, तवा तटावर लढला. त्याचा पुतळा करायचाय. छातीपातुर. लय मोठा नगं, पालखीत बसंल एवढाच. दसऱ्याला मिरवायचा आन् सोसायटीच्या हालमधी काचंच्या पेटीत ठेवायचा."

"दिसायला कसा होता?"

"गोरापान. राजबिंडा. आन् नाक हे असं." त्यांनी मान वळवून मला आपलं नाक दाखवलं.

"बघितलंय का कुणी त्याला?"

"बघाय कशाला पायजे? रक्त हाय न्हवं आमचं!"

माझं डोकं तिथेच फिरलं होतं, पण काम वीतभर उंचीचं होतं आणि असं बारीक काम कुणी देत नाही हल्ली. सगळ्यांना चौकात उभा राहणारा, लांबून दिसणारा हवा असतो. लहान पुतळ्यात लबाडी चालत नाही. माणूस तो हातात घेऊन डोळ्यांपाशी नेतो. म्हणून मी विचारलं, "मूळपुरुषाचा टाक असेल ना घरात?" चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली पूर्वजाची मूर्ती, ती देव्हाऱ्यात असतेच अशा घरांतून.

भाऊसोंनी नाक मुरडलं. "टाक थोरल्या घरात हाय. राहीकाकीकडं. पर तिकडं तुमी जायाची काय गरज न्हाई."

म्हणजे जायलाच हवं होतं. एसटीनं इस्लामपूर, तिथून कऱ्हाड, तिथून उंब्रज, आणि पुढे बैलगाडीच्या वाटेनं चालत गेले.

राहीबाई भाऊसोंची चुलतचुलती. घराणं एकच, पण ही थोरली पाती आणि भाऊसो धाकट्या पातीचे. जमीन सगळी धाकट्यांकडे गेली होती, थोरल्यांकडे पत्र्याचं घर, एक म्हैस आणि देव्हारा उरला होता. बाई विधवा, काटक, बोलायला तोडून टाकणारी. मी सांगलीहून नाथाजीसाठी आले म्हटल्यावर तिनं हात धुतले, टाक काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

घोड्यावर बसलेला माणूस. झिजून झिजून नाकडोळे गेलेले. पण डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत छिन्नीनं मारलेली खाच स्वच्छ दिसत होती आणि त्या खाचेत पिवळी हळद घट्ट बसली होती.

"हे काय हो मावशी?"

"वेढ्यात गाल फाटलावता त्याचा. तसाच चालत घरला आला. बायकूनं हळद भरली, जगला. पोरं झाली, म्हनून आमी झालो." तिनं टाक परत घेतला, पदरानं पुसला, पण खाच पुसली नाही. "दसरा असू दे, लगीन असू दे, थोरल्या घरच्या सुनंनं, मग ती इधवा का असंना, पयली हळद नाथाजीच्या गालात भरायची. मग धाकट्या घरच्या गड्यानं हार घालायचा. हळद भरल्याबिगार हार न्हाई. आमची रीत हाय."

आणि भाऊसो मला गोरापान म्हणून सांगून गेले होते! मूळपुरुषाची सगळ्यात मोठी खूण त्यांनी गिळली होती. मला तेव्हाच त्या माणसाची किळस आली, पण खरी किळस अजून यायची होती.

राहीबाईनं चहा टाकला. तेवढ्यात तिचा मुलगा गवताचा भारा घेऊन आला. आकाराम. तिशीचा असेल. उंच, फौजेतली ताठ पाठ, आणि नाकाखालून सगळं तोंड टॉवेलनं गुंडाळलेलं. बांगलादेशच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा तोंडाला लागला, पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात शिवला आणि घरी धाडला, असं राहीबाईनं तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो कप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला. टॉवेल उचलायचा, घोट घ्यायचा, खाली सोडायचा.

एकदा टॉवेल घसरला. उजवा गाल कानापासून फाटून परत जोडलेला. शिवण वेडीवाकडी, मधली कातडी चकचकीत आणि ताणलेली, ओठाचा कोपरा वर ओढला गेलेला, त्यातून दोन दाढा दिसत होत्या आणि चहा हनुवटीवर ओघळत होता. माझी नजर सरकली, खोटं कशाला सांगू. मग मी ती परत आणली.

तेवढ्यात शेजारची बाई कुडावरून ओरडली, "राहीबाई, आकारामला आत व्हय म्हनावं गं! माजी सून चाललीया पान्याला. पोटुशी हाय ती, तिच्या नदरंला पडाय नगं."

मला वाटलं राहीबाई आता त्या बाईच्या झिंज्या उपटते. ती चुलीत फुंकर घालत राहिली. आकाराम उठला, अर्धा कप हातात घेऊन गोठ्यात गेला आणि म्हशीच्या मागे जाऊन उभा राहिला. रोजच्या सवयीनं गेला. सून हंडा घेऊन, पदर डोळ्यांवर ओढून गेली, मग तो परत आला.

ओकारी यावी असं काही त्या तोंडात नव्हतं. ओकारी त्या कुडावरच्या बाईची आली मला. याच वाडीतली माणसं दर दसऱ्याला चांदीच्या फाटक्या गालावर डोकं टेकवत होती, आणि खऱ्या फाटक्या गालाला शेणात उभं करत होती. मी चहा तसाच ठेवून दिला.

"आकाराम," मी म्हटलं, "माझ्यासमोर बसाल का थोडे दिवस? मला नाथाजीचा गाल करायचाय. फाटलेला गाल भरून कसा येतो ते मला ठाऊक नाही. तुमच्याकडे बघून करीन."

"चेष्टा करताय व्हय बाई?"

"मी चेष्टा करायला एवढ्या लांब धूळ खात येत नाही."

त्यानं टॉवेल हनुवटीपाशी आवळला. बोलला तेव्हा शब्द ओठाच्या फटीतून थोडे फुसफुसत बाहेर आले. "तुमचा नाथाजी पालखीत असाच बसंल? उघडा?"

"उघडा."

"आन् लोकं पाया पडतील?"

"पडतीलच की. मूळपुरुष आहे त्यांचा."

"मग माझ्याकडं बी बघत्याल," तो म्हणाला. "सवय हुईल त्यास्नी. मला दुसरं काय नगं, बाई. ह्यो टॉवेल काडून माझ्या गावात हिंडायचंय. बास."

"शब्द देते," मी म्हटलं. राहीबाईनं माझ्याकडे असं बघितलं की तो शब्द मला परत घेता आला नसता.

मायलेक सांगलीला आले आणि माझ्याकडेच राहिले. पडवीत मी मोठा आरसा टांगला, कारण आकारामचा गाल उजवा आणि नाथाजीचा डावा. त्याला आरशाकडे तोंड करून बसवायचं आणि मी आरशातला गाल बघून काम करायचं. राहीबाईनं वाडीच्या घरातला आरसा कधीच काढून टाकला होता. पहिल्या दिवशी त्यानं आरशात बघितलं आणि ताडकन उठून नदीकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसला.

आधी मातीत केला, मग प्लॅस्टरमध्ये ओतला. प्लॅस्टर पाणी पितं, म्हणून त्याला चपडीलाखेचा हात दिला. आणि मग ते काम सुरू झालं ज्यासाठी मी जगते. कातडीला आधी काळपट तांबडा, विटेसारखा. त्यावर उन्हात रापलेला तपकिरी, पातळ, इतका पातळ की खालचा तांबडा श्वास घ्यावा. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर थोडा उजळ. डोळ्यांखाली जांभळट. जुन्या टूथब्रशाचे केस कापून त्यांच्या टोकांनी गालावर देवीचे बारीक वण टोचले. दाढी वाढलेली दाखवायला निळा-राखाडी नुसता फुंकल्यासारखा फिरवला.

चिलखताच्या कड्यांवर पेन्सिलीचं शिसं कुटून चोळलं, म्हणजे लोखंड लोखंडासारखं दिसतं, चांदीसारखं नाही. गंज मात्र रंगाचा केला नाही. खिळे पाण्यात सडवून त्यांचाच गंज काढला आणि कड्यांच्या सांध्यांत भरला. पट्टा चामड्याचा दिसावा म्हणून मेण आणि काजळी. पागोट्याला जुन्या मलमलीची चिंधी खळीत बुडवून गुंडाळली, कपाळाच्या बाजूला चहाच्या पाण्यानं घामाचा डाग धरला. राहीबाई वाडीची माती पुरचुंडीत घेऊन आली होती. ती वस्त्रगाळ करून खांद्यावर आणि पागोट्याच्या घड्यांत झटकली.

गाल शेवटी घेतला. पातळ कागद डिंकात भिजवून त्याच्या वळ्या केल्या, त्या शिवणीसारख्या बसवल्या. जखमेच्या कडा फिकट, मेलेल्या. मध्ये ताणलेली कातडी गुळगुळीत, तिथे दाढीचा एकही केस नाही, आणि तिच्यावर वार्निशचा एक बारीक थेंब पसरवला, म्हणजे ती उन्हात चकाकते तशी चकाकेल. ओठाचा कोपरा वर. फटीत दोन दाढा, पिवळट. हे करताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, ते चांगल्या अर्थानं नाही. एकदा तर ब्रश ठेवून बाहेर जाऊन गार हवा घेतली. पण परत आले की आरशातला तो गाल मला दरवेळी कमी भयंकर वाटायचा आणि जास्त आकारामचा वाटायचा.

एके दिवशी तो मान न वळवता म्हणाला, "बाई, ह्यो बरा दिसतुया की माझ्यापरास."

"तुमच्यासारखाच दिसतोय," मी म्हटलं. "हलू नका."

डोळे सगळ्यांत शेवटी. आमच्या घराची रीत आहे ती. डोळे काढेपर्यंत ते प्लॅस्टर असतं, हवं ते खरवडा. डोळे उघडले की त्या तोंडावर पुन्हा हात चालवायचा नाही. मी नाथाजीला दमलेले डोळे दिले, पण खाली न बघणारे. राहीबाईनं ते बघून कडाकडा बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी मायलेक वाडीला गेले. आकारामनं जाताना टॉवेल बांधला, पण सैल.

मग भाऊसो पुतळा न्यायला आले. मी कापड काढलं. ते दोन पावलं मागं सरकले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. पुतळ्याला वास येतो का हो? पण त्यांनी लावला.

"आवं ही काय ब्याद!" ते ओरडले. "त्या आक्याचं थोबाड आमच्या मूळपुरुषाला चिकटवलं तुमी? दसऱ्याच्या दिशी ह्ये मिरवू? बाया-मानसं वाटंतच वकतील!"

"टाकावर खाच आहे. हळद भरता ना तिच्यात?"

"टाकावर हाय ती चांदीत हाय, ताई. चांदीत कसंबी चालतं. ह्ये मांस दिसतंय!" त्यांना खरंच मळमळत होतं, घाम फुटला होता. "कानस मारा, लांबीचा लगदा भरा, वरनं गोरा हात द्या. आन् ती धूळ पुसा, भिकारी वाटतुया."

"डोळे उघडलेत त्याचे. आता फोडून टाकीन, पण पुसणार नाही. दुसरीकडून करून घ्या."

दसरा तोंडावर आला होता. भाऊसोंनी कान खाजवला, माझ्याकडे बघितलं आणि एकदम मऊ झाले. "बरं बरं, ऱ्हाऊ दे. तुमचंच खरं. तुमी मोठं कलाकार." स्वतःच्या हातानं त्यांनी नाथाजीला कापडात गुंडाळला आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, जिंकले. दसऱ्याला जायला मी नव्या कोऱ्या इरकलीची घडी मोडली, एवढी मी खूश होते.

वाडीत सोसायटीच्या हॉलपुढे मांडव घातला होता. पालखी गावातून फिरून येत होती, हलगी कडाडत होती, नाथाजी शेल्याखाली झाकलेला. आकाराम मांडवाच्या मधोमध बसला होता, फौजेचा कोट, त्यावर पदक, तोंडावर टॉवेल. मला बघून त्यानं हात जोडले. "शेला निघाला की म्या बी काडणार," तो म्हणाला. राहीबाई बायकांत बसली होती, हातात हळदीची वाटी.

पालखी मंचावर ठेवली. धुळा नावाचा म्हातारा धनगर पालखीचा मानकरी, त्यानं नारळ फोडला. भाऊसोंनी नाथाजीनं सातारचा तट कसा राखला आणि आपण कारखाना कसा राखणार आहोत यावर भाषण केलं. आकारामनं टॉवेल सोडून मांडीवर ठेवला. आजूबाजूची माणसं थोडी सरकली, पण उठली नाहीत. सगळे मंचाकडे बघत होते. भाऊसोंनी शेला ओढला.

गुलाबी!

डबाभर गुलाबी. गालात लांबी भरून तो मडक्यासारखा गोल केला होता. ओठ लाल, डोळ्यांत काजळ, मिशी बुटाच्या पॉलिशसारखी काळी. चिलखताला चंदेरी रंग, पागोट्याला सोनेरी. धूळ गेली, गंज गेला, घाम गेला. नाकाला वरून लांबी चढवून ते भाऊसोंचं नाक केलं होतं. मी दमलेले डोळे दिले होते, त्यांच्या जागी दोन टपोरी बटणं टकामका बघत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लय देखना!" कुणीतरी म्हणालं. "आगदी भाऊसोच!"

मी आकारामकडे बघितलं. तो पुतळ्याकडे बघत होता, मग माझ्याकडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मांडीवरचा टॉवेल उचलला आणि हळूच, कुणाला त्रास नको अशा बेतानं, पुन्हा तोंडाला बांधायला लागला.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी उठले आणि सरळ मंचावर चढले. नाथाजीच्या गालात नख खुपसलं. लांबी अजून ओली होती, नखाला मऊ लागली. मागून एक केस चोपडलेला माणूस पुढे आला, इस्लामपूरचा सिनेमाचे फलक रंगवणारा. "हळू हळू, ताई," तो दात काढून म्हणाला. "तुमच्या कामाला म्या जरा फिनिशिंग दिलं." त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. आयुष्यात मी कुणावर थुंकलेली नाही, पण त्या दिवशी तोंडात थुंकी जमली होती.

"हा माझ्या हातचा नाही!" मी ओरडले. "हा नाथाजी नाही!" पण भाऊसोंनी खूण केली, हलगी दणाणली आणि माझं मलाच ऐकू आलं नाही. दोघांनी मला मंचाच्या कडेला केलं.

हलगी थांबवून भाऊसो गोड आवाजात म्हणाले, "थोरल्या घरच्या सूनबाई, आमच्या राहीकाकी, ह्यांनी म्होरं यावं. हळदीचा मान त्यांचा." थोरल्या घराला टाळून हार घातला असता तर भावकी बिथरली असती आणि भावकीची मतं हातची गेली असती. सातारहून आणलेला फोटोग्राफर कॅमेरा सरसावून पुढे झाला. भाऊसोंच्या हातात झेंडूचा भला मोठा हार तयार होता.

राहीबाई वर आली. तिनं बोट हळदीत बुडवलं आणि न बघता, सवयीनं, नाथाजीच्या डाव्या गालावर ठेवलं. बोट सर्रकन खाली घसरलं. तिनं परत ठेवलं. परत घसरलं. मग ती वाकली आणि डोळे बारीक करून त्या गालाकडे बघत राहिली.

"कुटं भरू?" तिनं विचारलं.

"कपाळाला लावा की काकी," भाऊसो दातांतल्या दातांत म्हणाले. "कुटंबी लावा. फोटू निघाला म्हंजे झालं."

"कपाळाला द्येवाच्या लावत्यात. नाथाजीच्या गालात भरत्यात." तिचा आवाज साऱ्या मांडवात गेला, कारण हलगी गप्प होती. "ह्याच्या गालाला तर काय झालंच न्हाई. ह्यो कुटं लडायला गेलाच न्हाई!"

ती वाटी घेऊन मंचावरून उतरली. लोक आपोआप बाजूला झाले. आकारामला आधीच कळलं असावं, तो मागे सरकत म्हणाला, "आये, नगं. आये, समद्यांच्या म्होरं नगं."

"गप ऱ्हा," ती म्हणाली, आणि तिनं टॉवेल ओढून काढला.

त्याच्या उजव्या गालात तिनं हळद भरली. कानापासून सुरुवात केली, शिवणीच्या वळीवळीतून बोट फिरवलं, चकचकीत कातडीवरून खाली आणलं, ओठाच्या फटीपर्यंत. दाढांवरही पिवळं लागलं. मागून कुणा बाईनं "ई!" केलं. राहीबाईनं मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि ती बाई खाली बसली. आकारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हळदीत मिसळून कोटावर गळत होतं. त्यानं पुसलं नाही.

कुणाला काय करावं कळेना. भाऊसो मंचावर हार घेऊन गुलाबी पुतळ्याकडे वळले. तेव्हा पालखीपाशी बसलेला धुळा उठला.

"भाऊसो," तो म्हणाला, "हार कुटं घिऊन चालला? हळद तितं भरलीया."

"अरं पर धुळा..."

"हळद भरंल तितं हार. तुमच्या बानं घातला, आज्यानं घातला. म्या बघितलंय. धाकट्या घरचा गडी तुमीच हाय न्हवं?"

"रीत हाय ती," मागून कुणी म्हणालं. मग दुसरा म्हणाला. मग बायकांतूनही आवाज आला. मला वाटतं, तो कुडावरच्याच बाईचा होता. भाऊसोंनी मांडवभर नजर फिरवली. एवढी डोकी, एवढी मतं. ते हसत हसत खाली उतरले. हसू तोंडावर लांबीसारखं बसवलेलं होतं, वाळलं नव्हतं.

आकाराम उभा राहिला. भाऊसोंहून तो हातभर उंच होता, म्हणून त्यांना मान वर करावी लागली. त्यांनी श्वास रोखला, मी बघत होते, गाल फुगले होते त्यांचे. हार दोन बोटांत धरला, तोंड एका बाजूला वळवलं, डोळे मिटले आणि हार अंदाजानं वर टाकला. तो आकारामच्या एका खांद्यावर लोंबकळला.

"भाऊसो, तोंड हिकडं करा की," फोटोग्राफर म्हणाला. "नुसता कान येतोय."

कुणीतरी हसलं. भाऊसोंनी डोळे उघडले, वळले आणि वीतभर अंतरावरून त्यांना तो ओला, पिवळा गाल आणि त्या दोन दाढा दिसल्या. त्यांचं हसू गळून पडलं. हात तोंडावर गेला, आणि ते धोतराचा सोगा सावरत मांडवाच्या मागे पळाले. तिथून जो आवाज आला तो सगळ्यांनी ऐकला. एवढा वेळ मला भाऊसोंची येत होती ती किळस आता एकट्या माझी नव्हती. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं आणि मांडवाच्या मागच्या बाजूकडे बघत "छ्या!" म्हटलं.

फोटोग्राफर कॅमेरा खाली करून उभा होता. "आता कुणाचा काढू?" त्यानं मला विचारलं, कारण मीच जवळ होते.

आकारामनं खांद्यावर लोंबकळणारा हार नीट गळ्यात घेतला. पाय जुळवले, छाती काढली, हात पँटच्या शिवणीला लावले.

"त्यांचा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझा काड."

फोटोग्राफर भला माणूस असावा. तो चटकन दुसऱ्या बाजूला गेला, जिकडचा गाल धड होता तिकडे, आणि म्हणाला, "जरा या अंगानं घेतो. चांगला येईल."

"न्हाई," आकाराम म्हणाला. "समोरनं काड. आन् ह्यो गाल समदा येऊ दे."